न मळणारा पट्टा

१

हॉस्पिटलच्या नव्या इमारतीतला खालचा हॉल पुसायचं काम मावशीकडे होतं. मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. तिथे झाडूपोछा करणाऱ्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणतात. हिला पाठीमागे तोफ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चौथीपर्यंत शिकलेली, पन्नाशीला टेकलेली, नवरा गेल्यावर एकटीच्या जिवावर मुलगी वाढवलेली बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही. ओल्या फरशीवर कुणी चपलेसकट पाय टाकला की तिचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू जायचा. एकदा तर मोठ्या डॉक्टरांनाच तिने दाराशी उभं करून ठेवलं होतं, वाळेपर्यंत. तेही बिचारे थांबले.

हॉल ऐसपैस होता. पुढे काचेचं दार, डाव्या हाताला केसपेपरच्या खिडक्या, पार मागच्या टोकाला औषधांची खिडकी आणि तिच्या शेजारी तळघरात उतरणारं लोखंडी दार. मधे जाडजूड खांब. फरशी पांढरीफेक. हॉस्पिटलला पांढरी फरशी ज्याने कुणी निवडली, त्याचा मावशी रोज एकदा तरी मनापासून उद्धार करायची.

पांढऱ्या फरशीचा फायदा एकच. तिच्यावर सगळा दिवस उमटलेला दिसतो. रांग कुठे वाकली, चिखलाचे बूट कुठून आले, कंटाळलेलं पोर कुठे फतकल मारून बसलं, सगळं. दुपारी ओपीडी बंद झाली की मावशी बादली घेऊन उतरायची आणि पुसण्याआधी एक नजर टाकायची. त्या नजरेलाच एक दिवस दिसलं की हॉलमधला एक पट्टा मळतच नाही.

पुढच्या दाराजवळून तो निघायचा, तिसऱ्या खांबापाशी वळायचा आणि मागच्या लोखंडी दाराकडे जायचा. एक हात आडवा पसरला तर भरेल एवढा रुंद. दोन्ही बाजूंना पावलांचा नुसता काला, आणि मधे हा पट्टा आदल्या दिवशी पुसलेला तसाच्या तसा.

सकाळपाळीची बाई मधेच येऊन तेवढा पुसत असेल, असं मावशीने आधी धरलं. तिला विचारलं, तर ती अंगावर आली. मला काय हौस आहे का, एवढाच पट्टा पुसायला? मग मावशीने फरशीत खोट काढली. वेगळ्या खोक्यातली असेल, डाग धरत नसेल. खात्री करायला तिने त्यावर चहा सांडून बघितला. चहाचा डाग पडला. चांगला रीतसर पडला. पुसावा लागला.

शेवटी ती एका सकाळी लवकर आली आणि बाकड्यावर बसून राहिली.

माणसं त्या पट्ट्यावर पाय देत नव्हती. फोनवर बोलत येणारा माणूस तिथे आला की बोलता बोलताच एक टांग लांब टाकायचा. बायका किंचित थांबून, साडी जराशी उचलून पलीकडे व्हायच्या. पोरं उडी मारायची. कुणीही खाली बघत नव्हतं. पावसात रस्त्यावरचं गटार ओलांडतात तसं, सवयीने, चाललं होतं सगळं. एक वॉर्डबॉय, केस पिकायला आलेला जुना माणूस, म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून नेत होता. पट्ट्यापाशी त्याने खुर्ची मागे कलवून पुढची चाकं अधांतरी उचलली, पलीकडे टेकवली, आणि पुढे गेला.

मावशीने त्याला गाठलं. खुर्ची कशाला कलवतोस, म्हातारी पडली असती म्हणजे?

"कुठे कलवली?" तो म्हणाला.

त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. लबाडी मावशीला लांबून ओळखू येते.

२

मावशीच्या घरी तिची आत्या होती. हिनेच तिला लहानाची मोठी केली. आता ती एका कानाने ठार बहिरी होती आणि दुसऱ्याने सोयीपुरतं ऐकायची.

आत्याच्या डोक्यात जुनं शहर जिथल्या तिथे होतं. बस डेपो म्हटलं की ती म्हणायची, होड्या ओढून ठेवायचे तिथलाच ना. पेट्रोल पंप म्हणजे काळा खडक. कोर्टाची इमारत म्हणजे गुडघाभर चिखल. हे लोक राहत होते ती वसाहत आत्याच्या लेखी खोल पाण्यात होती, आणि आपण खोल पाण्यावर तिसऱ्या मजल्यावर खाट टाकून झोपतो याची तिला अधूनमधून फार गंमत वाटायची. समुद्र आता इमारतींच्या पलीकडे, अजून इमारतींच्या पलीकडे कुठेतरी होता. घरातल्या कुणी तो कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. वारा मात्र यायचा आणि पंख्याची पाती गंजवून जायचा.

मावशीने पट्ट्याचं सांगितलं तेव्हा आत्याने डोळे मिटले. दार कुठे, विचारलं. खांब कुठे, वळण कुठे. मग म्हणाली, "चर आहे तो."

मावशीला आठवत होता. इतकी वर्षं आठवायची गरज पडली नव्हती, एवढंच. ओहोटीला समुद्र लांब मागे जायचा आणि मैलभर चिखल उघडा पडायचा. बायका कमरेला पत्र्याचे डबे बांधून शिंपल्या वेचायला उतरायच्या. चिखलातून मधोमध तो चर जायचा, वळणं घेत. चिखल बघून कळतो, पाणी बघून कळतं, पण चराला तळ आहे की नाही ते बघून कळायचं नाही. तो लांब पाऊल टाकून ओलांडायचा. बोलता बोलता, खाली न बघता.

वाकून वाकून बायका लांबवर पांगायच्या. म्हणून पाणी फिरायच्या वेळी सगळ्यांत पुढची बाई सुरी आपल्या डब्यावर हाणायची. टक. मग तिच्या अलीकडची. मग तिच्या अलीकडची. असे टोले किनाऱ्यापर्यंत यायचे. जिच्यासोबत लहान पोर असेल तिने दोन द्यायचे, एक स्वतःचा आणि एक पोराचा. कुणाचा टोला आला नाही तर सगळ्या उभ्या राहायच्या, एकदा वाट बघायच्या. तरी नाही आला, तर थोरलीने तिच्या नावाचा टोला द्यायचा आणि सगळ्यांनी मागे न बघता किनारा धरायचा. एकदा तो टोला पडला की ती बाई मोजणीतून गेली. पाणी घोड्यासारखं यायचं. एकीला शोधायला थांबलं तर दहाजणी जायच्या.

मावशीची आई अशीच मोजणीतून गेली. त्या दिवशी शिंपलीने पाय कापला म्हणून लहानग्या मावशीला तिने खडकावर आत्याजवळ बसवलं होतं आणि आपण चराच्या अंगाला गेली होती. टोले आले, आईचा नाही आला. थोरली आत्याच होती. तिने टोला दिला आणि पोरीला बखोटीला धरून ओढत आणलं.

"रडली नाहीस तू," आत्या म्हणाली. "मला चावलीस. हा बघ वळ."

वळ वगैरे काही नव्हता. आत्या तो नेहमी दाखवायची.

पुढे डंपर आले. पाडलेल्या घरांच्या विटा, फुटकी बेसिनं, दारांच्या चौकटी, कुणाच्या तरी भिंतीवरचा निळा रंग, सगळं चिखलात ओतलं. चरात तर किती ओतलं त्याला गणती नाही. आज भरला म्हणावं, तर उद्या पुन्हा खोल. शेवटी भरला. वर रस्ता आला, कुंपण आलं, हॉस्पिटल आलं.

मावशी म्हणाली, असेल चर. होता तेव्हा होता. आता तिथे फरशी आहे आणि ती मला पुसायची आहे. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्या पट्ट्यावरून, दारापासून लोखंडी दारापर्यंत, पाय आपटत चालत गेली. काही झालं नाही. फरशी तेवढी पोकळ वाजली. आणि ओपीडीतले लोक तिच्याकडे असे बघत राहिले जसं काही ती कठड्यावरून चालत होती.

३

मावशीची लेक चिमी. बारावी झालेली, कॉम्प्युटर शिकलेली, आणि आईची सगळी जीभ वारशाने घेतलेली. नोकरीसाठी तिने शहरातला एकही जिना चढायचा ठेवला नव्हता. कुठे ओळख लागायची, कुठे आणखी काही. ती बाहेर पडली की मावशी दिवसभर फरशीशी भांडायची.

हॉस्पिटलने चौकशीचं टेबल सुरू करायचं ठरवलं आणि चिमीला घेतलं. कंत्राटी का होईना, पण टेबल, खुर्ची, गळ्यात फोटोचं कार्ड. मावशीने पहिल्या दिवशी लांबून बघितलं. पोर ताठ बसली होती. मावशीचा ऊर भरून आला आणि लगेच तिला दिसलं की टेबल पट्ट्यावर आहे. तिसऱ्या खांबाजवळ, वळणावर.

मावशी सुपरवायझरकडे गेली. हा अंगावर अत्तराची अख्खी बाटली ओतून यायचा, म्हणून त्याला बायका अत्तर म्हणत. टेबल भिंतीकडे सरकवा, म्हणाली. का म्हणून, त्याने विचारलं. सगळ्या हॉलमधे गर्दी, तेवढीच जागा कायम मोकळी असते, तिथे नाही ठेवायचं तर कुठे तुमच्या डोक्यावर ठेवायचं? तो टेबल दाखवायला तिच्याबरोबर आला. पट्ट्यापाशी त्याने लांब टांग टाकली आणि पलीकडे उभा राहून म्हणाला, काय वाईट आहे इथे?

चौकशीला रांग लागायची नाही. लोक दोन्ही काठांवर उभे राहून, पुढे वाकून, लांबून प्रश्न विचारायचे. चिमी घरी येऊन नकला करायची. "एक्स-रे कुठेय? हात पुढे, पाय मागे. मी काय चावते का?" आत्या हसायची. मावशी चिमीच्या चपला बघत होती. चपलांच्या कडांना मिठाचा पांढरा खार बसला होता.

आणखी एक. चिमी काम करता करता पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवायची. थोडा वेळ. मग पुन्हा खाली. मावशीला आधी वाटलं, पाय दुखत असतील. मग कळलं की ती वेळ ठरलेली आहे, आणि रोज थोडी पुढे सरकते. आज जेवणाच्या सुट्टीआधी, उद्या सुट्टीत, परवा सुट्टीनंतर. अशी रोज पुढे सरकणारी वेळ जगात एकाच गोष्टीची असते, आणि ती मावशीला पाळण्यात असल्यापासून माहीत होती.

तिने कानाडोळा केला. पोर दोन वर्षं वणवणली होती. चपलेला खार लागतो म्हणून नोकरी सोड, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

४

त्या दुपारी ओपीडी लवकर आटोपली. हॉल रिकामा. औषधांची खिडकी बंद, पंखे बंद, उन्हाचा एक चौकोन दाराशी पडलेला. चिमी टेबलावर डोकं ठेवून पेंगत होती, पाय दांडीवर. मावशी तिच्या खुर्चीच्या मागे पुसत होती. आज त्या वेळी उतरलेलं पाणी फिरणार होतं, पण ते काही ती आठवत बसली नव्हती. ती रात्रीच्या भाजीचा विचार करत होती.

खूप लांबून आवाज आला. टक.

पाइप असेल. मग त्याच्या अलीकडे दुसरा. जरा जाड आवाजाचा. मग तिसरा, चिरका, तळाला भोक पडलेल्या डब्याचा असतो तसा. आवाज खालून येत होते, लोखंडी दाराकडून, एकामागून एक, चालत यावं तसे. मावशी पुसतच होती. तिचं डोकं सांगत होतं की तळघरात पंप आहे, पंपाला पाइप आहेत, पाइप तापतात आणि वाजतात. डोकं हे सांगत असताना अगदी जवळ, पायांखाली, एक टोला पडला. लहान, तुटक, सुरीच्या पात्याने नाही तर मुठीने दिलेला.

मग शांतता. कुणीतरी थांबलंय अशी.

मावशीने मॉपचा दांडा पत्र्याच्या बादलीवर हाणला. टक. आणि लगेच आणखी एकदा. टक.

चिमीने डोकं वर केलं. "आई, काय वाजवतेस?"

मावशी हातातल्या दांड्याकडे बघत होती. काही ठरवलं नव्हतं तिने. दारावर थाप पडली की ओ द्यावी तसा हात उठला. एक स्वतःचा दिला. आणि सोबत पोर आहे, म्हणून एक पोरीचा.

५

दुसऱ्या दिवशी चिमी त्या वेळी खुर्चीवरून उठली आणि पट्ट्यावरून चालू लागली. मावशी जिन्यावर होती, तिने वरून बघितलं. चिमी सावकाश, पाऊल आधी चाचपत, मग टेकवत चालली होती. औषधांच्या खिडकीपाशी ती थांबली, इकडेतिकडे बघितलं, आणि परत आली. कुठे गेली होतीस विचारलं, तर म्हणाली, कुठे गेले? इथेच तर आहे मी.

त्याच्या पुढच्या दिवशी मावशीला वरच्या वॉर्डात बोलावलं होतं. ती खाली आली तर खुर्ची रिकामी आणि लोखंडी दार उघडं.

तळघरात गाड्या लावायच्या म्हणून बांधलेली जागा होती, पण गाड्या कुणी लावत नसे, कारण खालून पाणी झिरपायचं. पंप दिवसभर ते उपसायचा आणि पाणी पुन्हा तेवढंच. पंपवाला म्हणजे कधी कुणाशी दोन शब्द न बोलणारा माणूस. तो चिमीला दंडाला धरून उतारावरून वर आणत होता. तिचा ड्रेस गुडघ्यापर्यंत ओला होता.

"तुमची लेक पाण्यात उभी होती," तो म्हणाला. "वाकून हात घालून चाचपत होती खाली. मी म्हटलं काही पडलं का. चार हाका मारल्या." मग म्हणाला, "पुढे खड्डा आहे तिथे. पंपाचा. तिच्यात आणि खड्ड्यात एवढंच राहिलं होतं." आणि त्याने हाताची वीत दाखवली.

त्या संध्याकाळी घरात मायलेकींचं असं भांडण झालं की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मावशी म्हणाली, उद्यापासून जायचं नाही. चिमी म्हणाली, तू आयुष्यभर तिथे फरशी पुसलीस आणि मी खुर्चीवर बसले तर तुला बघवत नाही. शब्द सुटला तो सुटला. तळघराचं तिला काही आठवत नव्हतं. बेसिनपाशी ड्रेस ओला झाला, म्हणायची. आणि ती जाणारच होती. कुलूप घातलंस तर खिडकीतून जाईन, म्हणाली; आणि ते म्हणताना तिचे डोळे आईवर नव्हते, भिंतीच्याही पलीकडे कुठेतरी होते.

ती झोपल्यावर मावशी आत्याच्या खाटेशी बसली. दोन टोले दिले ते तिने सांगितलं. आत्या म्हणाली, मोजणीत घातलंस तू तिला. मोजलेली बाई कितीही लांब असली तरी पाणी फिरलं की वाटेला लागते. दार लाव नाहीतर बांधून घाल. तू आपल्या हाताने ओ दिलीस म्हणून भानावर आहेस, तिला ठाऊकच नाही.

"मग काढायचं कसं?"

"कसं काढतात? तोच एक मार्ग. टोला आला की ओ द्यायची नाही. वाट बघतील. तरी गप्प बसायचं. मग थोरली तिच्या नावाचा टोला देईल. पडला की सुटली. त्यांच्या लेखी मेली, आपल्या लेखी सुटली." आत्याने मावशीचे दोन्ही हात धरले आणि उलटसुलट करून बघितले. "यांना आवर तेवढा. तोंड एक वेळ गप्प बसेल तुझं, हात बसायचे नाहीत."

मावशीला एक विचारायचं होतं. त्या सगळ्या बाया घरी परत आल्या होत्या. म्हाताऱ्या होऊन खाटेवर गेल्या, एकेकीला तिने स्वतः पोचवलं होतं. खाली राहिली ती एकटी आई. मग एवढे टोले कुणाचे?

पण आत्याने कूस बदलली होती.

६

दुसऱ्या दिवशी पाणी फिरायच्या वेळेआधी मावशी खुर्ची ओढून चिमीच्या शेजारी बसली. बादली वरच्या मजल्यावर ठेवून आली होती. मॉपही. टेबलावरचा स्टीलचा पेला, किल्ल्या, पेन, वाजेल असं सगळं खणात टाकलं. चिमी चिडली होती. लोक बघतायत, म्हणाली. मावशीने तिचं मनगट धरलं आणि आपला दुसरा हात मांडीखाली दाबला.

त्या दिवशी गर्दी एवढी की दुपार उलटली तरी ओपीडी चालूच होती. हॉल भरलेला. पोरं रडत होती, नंबर पुकारले जात होते.

चिमीचे पाय दांडीवर गेले. पहिला टोला लांबून आला.

हळूहळू गलका कमी झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी थांबा म्हटलं नाही. पट्ट्याच्या दोन्ही काठांवर माणसं होती तिथे उभी राहिली. तोंडं आपापल्या दिशेला, फोन कानाला, पण बोलायची थांबलेली. केसपेपरच्या रांगेतल्या एका बाईने कडेवरचं पोर जरा वर सरकवून घेतलं. टोले पुढे येत होते. जाड. चिरका. आणखी एक. चिमीचं मनगट मावशीच्या मुठीत गार पडत चाललं होतं.

पायांखाली तो लहान, मुठीने दिलेला टोला पडला.

मावशी गप्प बसली. मांडीखालच्या हाताला कळ लागली तशी तिने त्याच्यावर सगळं वजन टाकलं. फरशीवर नजर ठेवली. सकाळचीच फरशी, पण आता ओली होती, आणि ओल्या फरशीत टेबलाचे पाय उलटे दिसत होते, खुर्चीची दांडी, दांडीवर चिमीची पावलं. आणि चिमीच्या पावलांना लागून दुसरी दोन. बोटं फाकलेली, चिखलात रोवून उभं राहतात तशी. वर कुणी नव्हतं. एका पावलाची करंगळी वाकडी होती. मावशीच्या करंगळीसारखी.

टोला पुन्हा पडला. एकदाच वाट बघायची असते. ही वाट फार लांबली. चिमी उठायला लागली, मावशीने तिला खाली ओढलं.

मग टोला आला. खालून नाही, लांबून नाही, कुठून ते सांगता येत नाही. भरदार, म्हाताऱ्या हाताचा, पण नीट दिलेला. एक.

चिमीने खोल श्वास घेतला. तिचे पाय दांडीवरून खाली आले. "मनगट सोड ना," ती म्हणाली. "दुखतंय."

एकीचा झाला. मावशीचा राहिला होता. आता फक्त बसून राहायचं, की दुसराही पडेल आणि तीही सुटेल. फरशीतली पावलं हलली नव्हती. खाली कुणीतरी श्वास धरून उभं होतं, आणि तिला मावशी ओळखत होती. एकदा हिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. आता ही थांबली होती, आणि वर बसलेली तिची पोर हात दाबून धरून बसली होती.

पहिल्यांदा हात आपणहून उठला होता. या वेळी मावशीने उचलला. मूठ वळली आणि टेबलाच्या पत्र्यावर एकदा वाजवलं.

हॉलमधे पुन्हा गलका झाला. कुणीतरी नंबर पुकारला.

७

घरी आत्या खाटेवर बसली होती. मांडीवर पत्र्याचा डबा होता, कुठून काढला कोण जाणे, तळाला चेपलेला. हॉस्पिटल तिथून बसने जायचं अंतर.

"पोरीचा दिला," ती म्हणाली. "तुझाही देणार होते. तर तू ओ दिलीस."

"तुला कसं कळलं?"

"ऐकलं ना मी," आत्या म्हणाली आणि बहिरा कान चोळला.

दुसऱ्या दिवशी ओपीडी सुटल्यावर मावशीने फरशीवर नजर टाकली. हॉल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखा मळला होता. पट्टा कुठे होता ते शोधूनही सापडलं नसतं. चिमीच्या टेबलाला दुपारपर्यंत रांग होती आणि ती रांगेवर ओरडत होती, थेट आईच्या आवाजात. चपलांच्या कडा कोरड्या. मावशीने दोन बादल्या जास्त पाणी घेतलं आणि शिव्या घालत सगळं पुसलं.

पुसता पुसता वॉर्डबॉय खुर्ची घेऊन आला. वाटेत मावशी उभी होती. ती सरकणार, तेवढ्यात त्याने खुर्ची मागे कलवली, पुढची चाकं तिच्या पावलांवरून अधांतरी नेली, आणि पुढे गेला.

तिने हाक मारली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर ती जमिनीवर पाय पसरून बसली होती. चिमी दिवसभराच्या गमती सांगत पाण्याला उठली. बोलता बोलता मावशीजवळ आली, खाली न बघता ड्रेस जरासा उचलला, लांब टांग टाकून पलीकडे गेली, आणि गोष्ट पुढे सांगत राहिली.

मावशीने पाय जवळ घेतले. उद्या पाणी आजच्याहून थोडं उशिरा फिरेल. बादली खालीच ठेवायला हवी.